फाटकातला आशीर्वाद

१

आकडा रिकामा होता. दोन्या मोन्सेच्या, म्हणजे मोन्सेबाईंच्या, व्हरांड्यात, जिथे इतकी वर्षं पिंजरा टांगलेला असायचा, तिथे खाली फरशीवर तुरीच्या शेंगांच्या टरफलांचा एक गोल तेवढा उरला होता.

"पोलिसांना कळवलंस?" इराइदाने विचारलं.

"काय कळवू? आई चोरीला गेली म्हणून?" एफ्राईन म्हणाला आणि पायरीवर मटकन बसला.

दुसऱ्या कोणी हे वाक्य ऐकलं असतं तर हसलं असतं. इराइदा कोत्तो हसली नाही. तिने त्या आईचा आवाज ऑक्टोबरपासून रोज संध्याकाळी फाटकाबाहेरून जाताना ऐकला होता.

गेलेला पोपट हिरवा, म्हातारा आणि अतिशय उर्मट होता. त्याचं नाव लिसेन्सियादो, म्हणजे आपल्या भाषेत वकीलसाहेब, कारण समोरचा काहीही बोलला तरी तो हरकत घेतल्यासारखा ओरडायचा. पण एक गोष्ट मात्र तो माणसासारखी बोलायचा. ह्या बेटावर घरात पाऊल टाकताना मोठ्यांकडे आशीर्वाद मागायची रीत आहे. घरात येताना मागायचा, निघताना मागायचा, फोन उचलल्यावरही आधी तोच मागायचा. विसरलात तर टोमणा ठरलेला, 'काय रे, रात्री एकाच खाटेवर झोपलो होतो का आपण?' दोन्या मोन्सेने चाळीस वर्षं विद्यापीठातल्या पोरांना खोल्या भाड्याने दिल्या, आणि ती सगळी पोरं फाटकातून ओरडत यायची, "आशीर्वाद, आई!" आतून उत्तर जायचं, "देव भलं करो! जेवण झालं का?"

वकीलसाहेबांनी ते उत्तर तिच्या आवाजात उचललं होतं. तोच किंचित घोगरा सूर, 'का' वर तोच हेलकावा. ऑक्टोबरात मोन्से गेली. आवाज राहिला.

"मी दिवसभर दुकानात लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासतो," एफ्राईन म्हणाला. पन्नाशीला आलेला माणूस, पण बोलणं लहान मुलाचं. "संध्याकाळी घरी येतो ते त्या एका वाक्यासाठी. ह्या घरात दुसरं आहे काय? दोन्या इराइदा, तुम्ही शोधा. तुम्हाला ह्या गल्ल्या पाठ आहेत."

ते खरं होतं. इराइदाची हयात विम्याच्या कामात गेली होती. वादळानंतर छप्पर खरंच वाऱ्याने उडालं की मालकाने हातोडीने सैल केलं, हे ती खिळ्याचं भोक बघून सांगायची. निवृत्त झाल्यावर ती दर शनिवारी नव्या विद्यार्थ्यांना रिओ पिएद्रासच्या गल्ल्यांतून फिरवायची. तिची ही फेरी बहुतेक नसलेल्या गोष्टींची असे. इथे थिएटर होतं, इथे सकाळी पावाचा वास यायचा, इथे तीन पुस्तकांची दुकानं भांडत भांडत नांदायची. पोरं बंद शटरांचे फोटो काढायची.

ती उठून फाटकाकडे गेली. कुलूप नव्हतंच कधी. कडीच कुलुपापेक्षा वरचढ होती. आधी उचलायची, मग डावीकडे रेटायची, मग फाटक ढकलायचं. खटाक, आणि मागून लांबलचक किर्र. नवखा माणूस तिथे दहा मिनिटं झगडला असता आणि गंजावर ओरखडे उठवून गेला असता. इराइदाने बोटाने चाचपून पाहिलं. गंज जसाच्या तसा होता.

"रात्री पिंजऱ्यावर काय टाकायचास?"

"आईचा झगा. जांभळ्या फुलांचा. त्याशिवाय तो झोपत नाही." एफ्राईनने खुंटीकडे बोट दाखवलं आणि त्याचं बोट तसंच हवेत राहिलं.

खुंटीवर काही नव्हतं. आत टीव्ही जागेवर, टेबलावर एफ्राईनचं घड्याळ जागेवर. चोराने पोपट नेला होता आणि मेलेल्या बाईचा विटका झगा नेला होता.

२

मागच्या खोलीत ओमार राहायचा, ह्या घरातला शेवटचा भाडेकरू. त्याचा जिना मागच्या बोळातून वर जायचा, व्हरांड्यात तो मागच्या दारानेच यायचा. बेटावरची माणसं 'र' कशी गिळतात ह्यावर तो प्रबंध लिहीत होता, आणि पोपटावर त्याचा डोळा होता हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

"डोळा नाही, कान," ओमार म्हणाला. "अहो, तो पक्षी म्हणजे साठ वर्षांपूर्वीची बोली आहे. जिवंत! मी उन्हाळाभर त्याच्यापुढे बसलो. किती वेळा म्हटलं असेन, आशीर्वाद, आशीर्वाद, आशीर्वाद. माझ्या सख्ख्या आजीला एवढं विनवलं नाही मी."

"मग?"

"मग काय! एकदा चोच उघडली तर माझं पेन पळवलं. मला त्याने एकदाही आशीर्वाद दिला नाही. एफ्राईन फाटकातून आला की मात्र लगेच, जेवण झालं का!" त्याचा चेहरा खरोखर दुखावलेला होता. "खोली बघायची असेल तर बघा. काल दिवसभर मी विद्यापीठात होतो."

खोलीत पोपट नव्हता. पीसही नव्हतं. एवढी पुस्तकं होती की पोपट असता तर त्याने आत्महत्या केली असती.

शेजारी म्हातारा चागो राहायचा. आयुष्यभर बस चालवली, आता आंब्याखाली खुर्ची टाकून दुपारची झोप काढायची आणि पोपटाला शिव्या द्यायच्या एवढंच काम. भर रस्त्यात त्याने शपथ घेतली होती की ह्या पाखराचा रस्सा करीन.

"इराइदा, तुझ्या त्या फेरीत मला का दाखवत नाहीस पोरांना?" तिला पाहताच तो म्हणाला. "मीही जुनाच आहे की."

"तू अजून पडका नाहीस. पडलास की दाखवीन. रस्सा केलास का रे पोपटाचा?"

"त्याचं मांस शिजेल होय? चार दिवस गॅस जाळावा लागेल." मग तो गंभीर झाला. "खरं सांगू? काल रात्री मला झोप आली नाही. शांतता टोचायला लागली. मोन्सेने विचारल्याशिवाय मी कधी झोपायला गेलो नाही गं. म्हणजे ती मला विचारायची नाही. पण ऐकू तर यायचं."

इराइदाने खुर्ची ओढली. "काल दुपारी काही ऐकलंस?"

"ऐकलं की. डोळा लागला होता, तेवढ्यात हा हलकट केकाटला. देव भलं करो, जेवण झालं का! म्हटलं, आला एफ्राईन जेवायला. मी कूस बदलली."

एफ्राईन कुंपणापलीकडे उभा होता. "चागोकाका, काल दुपारी मी घरी आलोच नव्हतो."

"आलास. मी ऐकलं."

"दुकानात होतो. मालकाला विचारा."

"मग पोपट खोटं बोलतो का?" चागो चिडला. "वकील असला तरी!"

अंगणातल्या ओल्या कुंड्यांत कोकी ओरडायला लागले. नखाएवढे बेडूक, पण अंधार पडला की सगळं बेट डोक्यावर घेतात. को-की, को-की. इथल्या माणसांना तो आवाज स्वतःच्या श्वासाइतकाच ऐकू येतो.

३

"ओमारनेच नेला," गाडीत एफ्राईन म्हणाला. मॉलमध्ये पक्ष्यांचं एक दुकान होतं, चोरीचा माल तिथे जातो असं कोणीतरी सांगितलं म्हणून दोघं जाऊन आले होते. दुकानदाराने चार पिवळे पक्षी दाखवले आणि उन्हाळ्यात या म्हणाला.

"ओमारला पोपट उत्तर देत नाही. काल दुपारी त्याने उत्तर दिलं."

"म्हणजे?"

"म्हणजे आलेल्या माणसाने आधी आशीर्वाद मागितला. एफ्राईन, मी वीस वर्षं चोर पाहिले. चोर दबकत येतो, शिंक आली तर गिळतो. आशीर्वाद मागत नाही. मोन्सेचं फाटक उघडल्यावर ज्याच्या तोंडून तो शब्द आपोआप बाहेर पडतो, असा माणूस आला होता. कडी त्याच्या हाताला पाठ होती. पोपट कशाखाली झोपतो हे त्याला माहीत होतं. हा चोर नाही, हा घरचा कोणीतरी आहे."

"घरचं आता उरलंय कोण?"

उत्तर त्यालाच द्यावं लागणार होतं.

"ती ओरलँडोत आहे," तो शेवटी म्हणाला.

लिसांद्रा, त्याची धाकटी बहीण. वादळाच्या वर्षी नोकरी गेली तशी ती अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेली, आणि आई अंथरुणाला खिळली तरी आली नाही. आली ती माती पडल्यावर. तेव्हा एफ्राईन सगळ्यांदेखत म्हणाला होता, ह्या फाटकातून पुन्हा आत यायचं नाही. त्यानंतर दोघांत एक शब्द नव्हता.

"तरी फोन लाव. आवाज तिच्याही आईचा होता. तिला कळायला हवं."

त्याने खिशातून फोन काढून नंबर लावला. गाडी मॉलच्या वाहनतळाच्या तिसऱ्या मजल्यावर होती, वर सिमेंट, खाली सिमेंट, काचा घट्ट बंद. त्याने फोन पुढच्या खणावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"एफ्राईन?" लिसांद्राचा आवाज लगेच आला, जणू फोन हातातच होता.

"वकीलसाहेब गेला. कोणीतरी नेला."

एफ्राईनने सीटचा पट्टा उगाच ओढून पाहिला.

"तुला सांगायला हवं म्हणून सांगितलं. बाकी काही नाही."

"बरं केलंस," ती म्हणाली. "तू बरा आहेस ना?"

"मला काय धाड भरली आहे! तू कशी आहेस?"

"इथे थंडी फार. खिडक्या बंद करून हीटर लावून बसलेय."

मग दोघांनाही काही सुचेना. सख्खी भावंडं, आणि हवामानापलीकडे बोलायला विषय नाही. बराच वेळ फक्त कोकींचा आवाज चालू होता. शेवटी एफ्राईनने 'ठेवतो' म्हटलं आणि ठेवला.

"बघितलंत? हीटर लावून बसलीय. आई गेली, आईचा आवाज गेला, आणि ही विचारत नाही की कसा गेला, कोणी नेला. दगड आहे दगड."

इराइदाने गाडी सुरू केली. तिला काहीतरी खुपत होतं. बुटात खडा गेल्यासारखं, पण बूट काढून झटकला तर खडा सापडत नाही, तसं.

४

घरी येऊन तिने कॉफी केली आणि ती तशीच निवली. नेहमीच्या वेळी नोएलियाचा फोन आला.

"आशीर्वाद, आई."

"देव भलं करो."

नोएलियाही ओरलँडोतच होती. इराइदाच्या ओळखीतल्या निम्म्या लेकी ओरलँडोत होत्या. उरलेल्या निम्म्या तिथे जायचं म्हणत होत्या.

"आई, आवाज दमल्यासारखा येतोय. गुडघा दुखतोय ना? खरं सांग. मी येऊ का नाताळात? तिकीट बघते."

इराइदाने सुजलेल्या गुडघ्यावरची बर्फाची पिशवी सरकवली. "नको गं. नाताळात विमानवाले कातडी सोलतात. मी ठणठणीत आहे. उन्हाळ्यात ये निवांत."

"नक्की?"

"नक्की म्हणजे नक्की."

"बरं. मग एक कर ना. फोन अंगणात घेऊन जा."

"पुन्हा?"

"पुन्हा. थोडा वेळ. मग झोपते मी."

इराइदा लंगडत दाराशी गेली आणि फोन कुंड्यांकडे धरला. को-की, को-की. लेक तिकडे गप्प राहून ऐकत होती. हे वेड तिला तिकडे गेल्यावर लागलं होतं. इथे होती तेव्हा बेडकांच्या नावाने बोटं मोडून खिडक्या लावायची.

"इथे खिडकी उघडली ना आई, तरी काही नसतं," नोएलिया म्हणाली. "नुसता रस्ता. पहिलं वर्षभर मला वाटायचं कान बिघडले. एखादा, अगदी एखादा जरी कोकी इथे ओरडला असता ना, तर मी रडले नसते."

इराइदा जागच्या जागी थिजली.

तिसरा मजला. वर सिमेंट, खाली सिमेंट, काचा बंद. तिथे कोकी कुठून आला?

तो गाडीबाहेर नव्हता. फोनच्या आत होता. एफ्राईनला ऐकू आला नाही आणि तिलाही आला नाही, कारण जन्मभर जो आवाज कानात आहे तो ऐकायची कोणाला सवयच नसते. बेट सोडून गेलेली माणसंच तो ऐकतात. लिसांद्राने खिडक्या बंद असल्याचं सांगितलं आणि तिच्या उघड्या खिडकीतून सगळं बेट ओरडत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं झालं होतं.

"आई? आहेस ना?"

"आहे गं," इराइदा म्हणाली. "तू काय बोललीस ते तुला माहीत नाही. झोप आता."

५

सकाळी ती गुडघ्याला पट्टी बांधून बाजारात गेली. बेटावर असलेली बाई बेटावर कुठेही असू शकते. पण पिंजरा घेऊन कोणी हॉटेलात राहत नाही, आणि वकीलसाहेब वाटेल ते खात नाही. त्याला तुरीची ओली शेंग लागते, आणि ती त्याची त्यालाच सोलायची असते. सोललेला दाणा पुढे केला तर तो फेकून मारतो.

नाताळ तोंडावर आला होता. ह्या दिवसांत घरोघरी तुरीच्या दाण्यांचा भात होतो, आणि बाजारातली प्रत्येक बाई जिभेला विश्रांती न देता दाणे सोलत बसते. गिऱ्हाईक सोललेल्या दाण्यांची पिशवी घेऊन जातं. शेंगा सोलायला आजकाल वेळ कोणाला आहे?

योकास्ता शेजारच्या बेटावरून, सांतो दोमिंगोहून आलेली. तिच्या गाळ्यात कंद, केळी, पाला आणि गप्पा हा सगळा माल ताजा असायचा.

"शेंगांसकट?" ती म्हणाली. "कालच एक आली होती गं तशी. मूठभर घेऊन गेली. मी म्हटलं, बाई, एवढ्यात एका माणसाचा घास होणार नाही, तर म्हणाली, माणसाला नकोयत. डोळे सुजलेले. मी विचारलं, तू इथलीच ना? बोलण्यावरून वाटतेस." योकास्ताने सोलता सोलता हात थांबवला. "तर काय म्हणाली माहितीये? म्हणाली, 'होते.' मीही माझ्या गावची 'होते'च आहे की."

"कुठल्या बाजूला गेली?"

योकास्ताने सुरीनेच दिशा दाखवली.

इराइदा चालत निघाली. ही तिचीच शनिवारची वाट. चपलांचं बंद दुकान, भिंतीवर रंगवलेली प्रचंड मोठी बाई, मोडका कठडा, त्यातून उगवलेलं झाड. पोरांना ती इथे नेहमी म्हणायची, खाली बघू नका, वर बघा, दुकानं मेली तरी वरचे मजले अजून राहते आहेत. आज तिने स्वतःचंच ऐकलं. जुन्या फोटो स्टुडिओच्या वर, दुसऱ्या मजल्यावर एक खिडकी सताड उघडी होती, आणि तिच्यात उन्हाला आड म्हणून एक झगा बांधला होता. जांभळ्या फुलांचा.

दार उघडणारी बाई इराइदाला पाहून दचकली नाही. थकली होती ती. दचकायला सुद्धा अंगात थोडी ताकद लागते.

"तुम्ही याल असं वाटलंच होतं," लिसांद्रा म्हणाली. "एफ्राईनने तुम्हालाच सांगितलं असणार. कळलं कसं?"

"तुझा हीटर को-की को-की करत होता."

लिसांद्राने खिडकीकडे पाहिलं. मग तिच्या तोंडून एक हसू निघालं आणि वाटेतच त्याचं रडणं झालं.

पिंजरा पलंगाशेजारी खुर्चीवर होता. वकीलसाहेब पिसं फुगवून, पाठ करून बसले होते.

"मी चोरायला गेले नव्हते," ती म्हणाली. "देवाशप्पथ. भावाच्या पाया पडायला गेले होते. कडी उघडली आणि तोंडून निघून गेलं, आशीर्वाद, आई. रिकाम्या घरात! आणि आतून आई म्हणाली, देव भलं करो, जेवण झालं का? दोन्या इराइदा, मी तिथेच खाली बसले. घरात कोणी नव्हतं. मला काय झालं कळलं नाही. मी पिंजरा उचलला, झगा उचलला आणि पळाले. वाटलं, हा आवाज ह्याच्याकडे रोज आहे. माझ्याकडे एक दिवस तरी असू दे."

"मग?"

"मग काय! सारखी विचारते. उठल्यावर, झोपताना. आशीर्वाद, आई. आशीर्वाद, आई. पापणी हलवत नाही मेला. मी तिच्या शेवटाला आले नाही ना, म्हणून तीच बोलत नाही असं वाटायला लागलंय."

"का आली नाहीस?" इराइदाने विचारलं. विचारलं सरळच, पण आवाज मऊ होता.

"तिनेच येऊ दिलं नाही. मी तिकीट काढत होते. ती फोनवर म्हणाली, वेडी आहेस का, मी ठणठणीत आहे, उगाच पैसे घालवू नकोस. नाताळात ये." लिसांद्राने तळहाताने डोळे पुसले. "मी विश्वास ठेवला. आणि नाताळ आला, म्हणून आले."

ठणठणीत. नेमका इराइदाचाच शब्द. गुडघ्यातून एक कळ वर आली आणि तिने पलंगाची कड धरली.

"ऐक," ती म्हणाली. "तो ओमारला उन्हाळाभर बोलला नाही. त्याचा जिना मागून आहे, तो फाटकातून कधी येतच नाही. तुझ्याशी इथे बोलत नाही. पण तिथे एका हाकेत बोलला. तो पक्षी तुझ्या शब्दाला उत्तर देत नाही, लिसांद्रा. आधी खटाक, मग किर्र, मग हाक, असं झालं की त्याला कळतं की घरी कोणीतरी आलं. चाळीस वर्षं त्याने तेवढंच पाहिलंय. तुझी आई रुसलेली नाही. हा आशीर्वाद फाटकातच मिळतो, पिंजऱ्यात भरून नेता येत नाही."

"फाटक माझ्यासाठी बंद आहे."

"ते संध्याकाळी बघू," इराइदा म्हणाली आणि पिंजऱ्याची कडी हातात घेतली.

६

एफ्राईन पातेल्यात तुरीचा भात ढवळत होता. आईच्या मापाने करायची सवय, त्यामुळे दहा माणसांचा झाला होता. इराइदाला पिंजऱ्यासह दारात पाहून त्याच्या हातातला डाव खाली पडला.

"कोणी? कोणी नेला होता?"

"आधी टांग तो आकड्याला. कडी नीट बसली का? झगा तिकडे खुंटीला. हं, आता ऐक. तुझ्या आईने लिसांद्राला सांगितलं होतं, येऊ नकोस, मी ठणठणीत आहे, नाताळात ये."

त्याचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. "खोटं आहे. मला आई असं काही बोलली नाही."

"तुला कशाला बोलेल? तू होतास की उशाशी. आया खोटं बोलतात, एफ्राईन. लेकरू लांब असलं की जास्तच बोलतात. मला विचार."

"मग लिसांद्राने मला का नाही सांगितलं?"

"कधी सांगणार होती? तू फाटक लावून घेतलंस."

तो काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात बाहेर आवाज झाला.

खटाक. आणि मागून लांबलचक किर्र.

एफ्राईन जागचा हलला नाही. वकीलसाहेबांनी पिसं झटकली आणि मान ताठ केली.

"आशीर्वाद, आई," फाटकातून अगदी बारीक आवाज आला.

"देव भलं करो!" मोन्सेचा घोगरा सूर घरभर गेला. "जेवण झालं का?"

कुंपणापलीकडे चागोची खुर्ची करकरली. एफ्राईनने डोळे मिटून घेतले. कोकी ओरडत होते, आणि ह्या वेळी तिथल्या प्रत्येकाला ते ऐकू येत होते.

"नाही गं आई," फाटकाशी उभी असलेली ती म्हणाली. "नाही झालं."

एफ्राईनने फळीवरून ताट काढलं. मग दुसरं काढलं. भात वाढताना निम्मे दाणे ओट्यावर सांडले. बाहेर न बघताच तो जोरात म्हणाला, "फाटक लाव नीट. मांजर येतं आत."

इराइदा मागच्या दाराने बाहेर पडली. वर ओमार खिडकीत कानाला हात लावून उभा होता, त्याच्या तोंडावर पोराचा आनंद होता. तिने त्याला गप्प राहायची खूण केली आणि बोळाच्या तोंडाशी थांबून फोन लावला.

"आई? तू कसा काय केलास फोन? सगळं ठीक ना?" नोएलिया घाबरून म्हणाली, आणि मग सवयीने, "आशीर्वाद."

"देव भलं करो," इराइदा म्हणाली. "जेवलीस का?"

"हो, आत्ताच. काय झालंय आई?"

"काही नाही. गुडघा सुजलाय. जिना चढवत नाही मला, आणि रात्री घर खायला उठतं. मी ठणठणीत नाहीये, नोएलिया." तिने एक श्वास घेतला. "उन्हाळ्यात नको. आता ये."